माइक माझ्या हातात होता

आमच्याकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर गाव जमतं. मंडप पडतो, खुर्च्या लागतात, पिंडाला कावळा शिवतो, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. भाषणं करणाऱ्यांची आमच्या तालुक्यात कधी टंचाई पडलेली नाही. त्यांना ओळीत लावणारा, वेळेत उठवणारा आणि वेळेत खाली बसवणारा एक माणूस मात्र लागतो. मंचर आणि घोडेगावच्या मधल्या दहा-बारा गावांत तो माणूस मी होतो. नोकरी दूध संस्थेत कारकुनाची, पण माझी ओळख सांगताना लोक म्हणायचे, ते निवेदन करतात ते. आजोबा मेंढरं राखायचे आणि ओढ्यापलीकडचं मेंढरू नुसत्या हाकेवर माघारी वळवायचे, असं घरात सांगतात. मेंढरं केव्हाच गेली, आवाज तेवढा माझ्याकडे आला.

निवेदकाचं काम बोलण्याचं असतं असं लोकांना वाटतं. ते खरं चिठ्ठ्या सांभाळण्याचं असतं. कोणी पुढारी आला की त्याच्यासोबतचा माणूस आपल्या हातात चिठ्ठी कोंबतो, आणि ते नाव मागेपुढे झालं की रुसवा वर्षभर टिकतो. मी अशा चाळीस चिठ्ठ्या डाव्या हाताच्या बोटांत धरून एकही नाव न चुकवता दोन तास काढायचो. आणखी एक सवय होती. मी माइक कधी बंद करायचो नाही. बंद केलेला माइक परत चालू केला की कर्ण्यातून असा खरखराट येतो की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या दचकतात. म्हणून मधल्या वेळात मी तो चालूच ठेवून काखेत धरायचो. याचा मला थोडा अभिमानही होता, तो आता सांगायला लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत मी रोज सकाळी आठला दहावा आणि दुपारी साडेबाराला लग्न असं करत होतो. घाटावरून उठायचं, घरी येऊन अंघोळ करायची, पांढऱ्या सदऱ्याच्या जागी फेटा आणि जॅकेट चढवायचं आणि मंगल कार्यालय गाठायचं. असे पंधरा-वीस दिवस झाले असतील. एका सकाळी दहाव्याला एक पुढारी उशिरा आले, त्यांची चिठ्ठी माझ्या हातात पडली, आणि मी ती वाचून म्हणालो, "त्यांचं आगमन झालेलं आहे, जोरदार टाळ्यांनी आपण त्यांचं स्वागत करूया." पुढचं सांगतो. निम्म्या मंडपाने टाळ्या वाजवल्यासुद्धा. मग सगळ्यांना एकदमच कळलं की आपण कुठे बसलोय, आणि टाळ्या जिथल्या तिथे थांबल्या.

मी त्याच मिनिटाला हात जोडून माफी मागितली. घरच्या मंडळींनी माफ केलं. मयताचा थोरला मुलगा माझा हात धरून म्हणाला, "व्हतं असं राव, तुमी कुठं मुद्दाम केलं." तेवढ्यावर ते संपायला हवं होतं. पण आजकाल मुंबईतल्या पाहुण्यांसाठी दहावा मोबाइलवर लाइव्ह दाखवतात. त्यातून कोणीतरी माझं तेवढंच वाक्य आणि टाळ्या कापून घेतल्या. संध्याकाळी ती क्लिप गावाच्या ग्रुपवर आली.

गावाचा ग्रुप म्हणजे लाइट कधी येणार, बिबट्या कोणत्या उसात दिसला, कांद्याचा भाव काय आणि आज कोण गेलं, एवढंच एरवी त्यात असतं. माझ्यामुळे त्यात जान आली. माझ्या तोंडाचं स्टिकर झालं, खाली लिहिलेलं, जोरदार टाळ्या. कोणाचा मृत्यू कळवला की लोक भावपूर्ण श्रद्धांजली लिहायचे आणि मग कोणीतरी हळूच ते स्टिकर सोडून द्यायचं. लोक मला टाळीवाले म्हणू लागले. सकाळी संस्थेत दूध घालायला येणारे कॅन खाली ठेवायचे आणि माझ्याकडे न बघता दोनदा टाळी वाजवायचे. मोठ्याने नाही, अगदी हळू. मी पावती फाडायचो आणि द्यायचो.

माझी मुलगी तेव्हा अवसरीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या वर्गातल्या एका मुलीने हा माणूस कोण आहे हे माहीत नसताना तिलाच ती क्लिप दाखवली. मुलगी घरी येऊन सांगत होती, "सगळ्या हसल्या. मग मी पण हसले." एवढं बोलून ती आत गेली. मी तिच्यावर चिडलो नाही. तिच्या जागी मी दुसरं काय केलं असतं, याचा विचार करत बसलो.

चेष्टा करणाऱ्यांचा राग मला फार दिवस पुरला नाही. त्यातले बरेच माझ्याच हाताखाली सूत्रसंचालन शिकलेले, तोंडाने वाईट, मनाने ठीक. राग राहिला तो गप्प बसणाऱ्यांचा. ग्रुपमध्ये शिक्षक होते, ग्रामसेवक होते, माझे दोन चुलतभाऊ होते, ज्यांच्या घरच्या दहाव्याला मी उभा राहिलो होतो ते सगळे होते. सगळे वाचत होते, पण कोणी एक अक्षर लिहिलं नाही. मी रात्रंदिवस मनातल्या मनात त्यांची खरडपट्टी काढायचो. बायकोला म्हणायचो, उद्या यांच्यातल्या कोणावर पाळी आली तर मी गप्प बसणार नाही, मी दाखवून देईन कसं बोलायचं असतं. बायको म्हणायची, "व्हय व्हय, आता भाकरी खावा."

गप्प न बसलेली एकच होती. गावात पिठाची गिरणी चालवणारं एक जोडपं होतं, त्यातली ती. वय तिशीच्या आसपास, माहेर डिंभ्याचं, पदरी एक मुलगी. तिने ग्रुपवर लिहिलं होतं, "चूक कोणाकडूनही होते. भाऊंनी माफी मागितली आहे. आता थांबवा." तिला लगेच उत्तर आलं की वहिनी, तुम्ही पण एकदा टाळ्या वाजवा. त्यावर पाच-सहा हसरे चेहरे पडले. नंतर ती काही बोलली नाही. मी तिचे आभार मानले नाहीत. मानले असते तर मला लागलंय हे कबूल करावं लागलं असतं, आणि मी तर सगळ्यांना सांगत फिरत होतो की मला काही वाटत नाही, आपण मनावर घेत नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर मला एकही बोलावणं आलं नाही. शेजारच्या गावातल्या एका तरुण निवेदकाला लोक नेऊ लागले. मी दहाव्याला जायचो आणि मागच्या खुर्चीवर बसायचो. त्याने एखादं नाव गाळलं की माझी बोटं आपोआप हलायची. दिवस गेले तसं स्टिकर कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही.

गेल्या वर्षी त्या गिरणीवाल्या बाईचा नवरा आजारी पडला. पोटाचं दुखणं होतं, चार महिने पुण्याच्या दवाखान्यात होता आणि तिथेच गेला. सदतीस वर्षांचा माणूस. दहाव्याचं ठरवायला भावकी बसली तेव्हा निवेदनाला कोण, हा प्रश्न आला. आत बसलेली ती बाहेर येऊन सासऱ्यांना म्हणाली, "दूधवाल्या भाऊंनाच सांगा." सासरे मला बोलवायला स्वतः संस्थेत आले. मी हो म्हणालो आणि घरी जाऊन पांढरा सदरा स्वतःच्या हाताने इस्त्री केला. दुसऱ्याच्या घरी माणूस मेलेला असताना मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो.

त्या सकाळी सगळं नीट चाललं होतं. मुलगी लहान, म्हणून विधी दिराने केले. पिंड मांडले, माणसं मागे सरली आणि सगळे कावळ्याची वाट बघू लागले. कावळे होते, समोरच्या जांभळावर पाच-सहा बसलेले, पण खाली येईनात. अशा वेळी आमच्याकडे घरच्यांनी पुढे होऊन गेलेल्याला वचन द्यायचं असतं. त्याची एखादी इच्छा राहिली असेल, कशात जीव अडकला असेल, तर ते करू म्हणून सांगायचं, मग कावळा शिवतो असं मानतात. सासरे पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "शर्यतीची बैलं इकणार न्हाई. पुढच्या यात्रंला बैलगाड्याच्या घाटात पळवीन." कावळे हलले नाहीत. दीर म्हणाला, "पोरीला शिकवीन, मागं ठेवणार न्हाई." तरी नाही. अर्धा तास झाला. ऊन चढायला लागलं, महाराज घड्याळ बघायला लागले.

मी पिंडापासून चार हातांवर उभा होतो. कावळा शिवला की लगेच प्रवचनाची घोषणा करायची म्हणून माइक काखेतून काढून हातात धरलेला होता. बायकांमधून कोणीतरी म्हणालं, "तिला बोलू द्या की." ती उठली, पुढे आली, माझ्या बाजूलाच उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने तोंडापर्यंत ओढला आणि अगदी पुटपुटल्यासारखी म्हणाली, "तुमी दवाखान्यात सांगितलं तसंच करीन. दुसरं लग्न करीन. जीव आडकवू नका."

ते चारी कर्ण्यांमधून बाहेर पडलं. आधी ती दचकली, मग मी. मी माइक छातीशी दाबला, पण जे जायचं ते गेलं होतं. आणि त्याच क्षणी एक कावळा जांभळावरून सरळ खाली आला आणि पिंडावर बसला. मंडपात कोणी श्वास सोडला, कोणी रडायला लागलं, आणि अगदी मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मी घसा साफ केला आणि प्रवचनाची घोषणा केली. एकही नाव चुकलं नाही.

दुपारी क्लिप आली. कापणाऱ्याने दवाखान्याचं वाक्य काढून टाकलं होतं. "दुसरं लग्न करीन" इथून सुरू, कावळा खाली येतो, मागे हसू, आणि वर लग्नातल्या बँडची चाल चिकटवलेली. खाली ओळीने सुरू झालं. दहाव्यालाच मुहूर्त काढला. कावळ्याला पण घाई. एकाने लिहिलं, मनात असेल तर असो, माइकवर जाहीर करायची काय गरज होती. हे शेवटचं सगळ्यांना पटलं. चेष्टा न करणाऱ्या शहाण्या माणसांनाही पटलं. माइकवर बोलायला नको होतं, एवढंच आमचं म्हणणं आहे, असं तेही लिहू लागले.

मी संस्थेत बसून वाचत होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा दुपार गेली आणि माझं स्टिकर एकदाही आलं नाही. मग दोन मिनिटांनी मला ते बरं वाटणं कळलं आणि मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

माइक तिच्या हातात नव्हता. माझ्या हातात होता, आणि चालू होता, कारण मी तो कधी बंद करत नाही. ती नवऱ्याशी बोलत होती, गावाशी नाही. हे मंडपात मी सोडून कोणाच्या ध्यानात आलेलं नाही असं मला वाटत होतं, आणि क्लिपमध्ये तर फक्त पिंड, कावळा आणि आवाज होता. संध्याकाळी कोणीतरी मलाच थेट विचारलं, "टाळीवाले, तुम्ही शेजारीच होतात. खरं काय ते सांगा." मी हात जोडलेलं चित्र टाकलं. आपल्याकडे त्या चित्राचा अर्थ हवा तो होतो. नमस्कार होतो, माफ करा होतो, मला यात ओढू नका होतो. ग्रुपने त्याचा अर्थ असा लावला की प्रत्यक्ष निवेदकसुद्धा बोलायला लाजतोय, म्हणजे प्रकार वाईटच असणार. मी तो अर्थ खोडून काढला नाही.

गुरुवारी तिचा फोन आला. गिरणीचा आवाज मागे चालू होता. ती म्हणाली, "भाऊ, मामंजी आन् सासूबाई काय बोलत न्हाईत, पण सासूबाईंचे भाऊ लई तापलेत. रविवारी अकराला बैठक हाय. मला हितं ठेवायचं का माहेरी धाडायचं ते ठरवणारेत. पोरगी आमच्या घरची हाय म्हणत्यात, तिला न्हाई देणार."

मी नुसतं हूं म्हणालो.

"तुमी फक्त एवढं लिवा, माइक माझ्या हातात नव्हता. आन् आधी मी काय म्हणले ते. बाकी काय नको. तुमी लिवलं तर ऐकतील, तुमी तिथं व्हता."

"लिहितो," मी म्हणालो. "आजच लिहितो."

एकदा चटका बसलेला माणूस दुसऱ्याचा हात विस्तवावरून आधी ओढून घेईल, असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं. मी त्या दिवशी फोन हातात घेतला आणि माझा हात आधी मागे आला. मी लिहिलं, माइक माझ्या हातात होता. मग मला पुढचं उत्तर दिसलं. मग बंद का नाही केलात. मग त्याच्या पुढचं, आधी टाळ्या, आता हे. मग स्टिकर. मग परत मागची खुर्ची. मी ते खोडलं. मग जरा मोघम लिहिलं, की झाल्या प्रकारात सगळी चूक ताईंची नाही. तेही खोडलं, कारण सगळी नाही म्हणजे थोडी आहे असं झालं. माझ्यावर आलं होतं तेव्हा गप्प बसणारे हे असेच बसले असतील का, लिहीत आणि खोडत, असंही मनात आलं. त्यानेही माझं काही भलं झालं नाही.

मुलगी शुक्रवारी घरी होती. माझ्या हातातला फोन बघून तिने ओळखलं. "बाबा, तुम्ही त्यात पडू नका," ती म्हणाली. "माझी कॅम्पसची मुलाखत आहे पुढच्या आठवड्यात. परत सगळं उकरून काढतील." बायको चुलीकडून म्हणाली, "लिवू दे त्येंना. माणसाला शब्द दिलाय." मुलगी रडायला लागली. मी फोन खिशात टाकला आणि दोघींनाही सांगितलं की मी विचार करतोय. विचार करतोय हे वाक्य माझ्या फार उपयोगी पडतं.

शनिवारी मी दुसरा रस्ता काढला. सरळ तिच्या सासऱ्यांकडे गेलो. ते गोठ्यात बैलांना पेंड घालत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, माइकचं, दवाखान्याच्या वाक्याचं, क्लिप कशी कापली त्याचं. सांगताना मला हलकं वाटत होतं. त्यांनी घमेलं खाली ठेवलं.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "दवाखान्यात पोरगा माझ्यासमोरच बोलला तिला. आन् माइक तुमच्या हातात व्हता ह्ये मी बघितलं, मी आंधळा न्हाई."

"मग तुम्ही बैठकीत सांगा ना."

"मी सांगितलं तर म्हणतील, सुनंची बाजू घेतो. मोबाइलातलं इचारत्यात मला लोक. मंचरच्या बाजारात इचारत्यात, येष्टीत इचारत्यात. मला सांगून काय उपेग, पावणं? ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा."

आमच्यात पावणं म्हणजे आदरानेच म्हणतात. पण ते मला एरवी भाऊ म्हणायचे. मी चहा न घेता उठलो, त्यांनीही आग्रह केला नाही.

रविवारी सुटी असूनही मी संस्थेत जाऊन बसलो. घरी मुलगी होती. साडेदहाला लिहायला घेतलं. अकराला लिहीत होतो, सव्वाअकराला लिहीत होतो. तीन ओळींचा मजकूर, पण पहिल्या ओळीतला माझ्या हातात हे शब्द आले की बोट पाठवायच्या बाणावर जाऊन थांबायचं. मी ते शब्द काढून बघितले, पण ते काढले की बाकी मजकुराला काही अर्थ उरत नव्हता. मी भित्रा आहे असं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण मी हजार माणसांसमोर माइक घेऊन उभा राहणारा माणूस. एका खोलीत एकटा बसून मला तीन ओळी पाठवता येईनात. बारा वाजता फोन बाजूला ठेवला.

दुपारी बायको कुठूनतरी ऐकून आली. गिरणीवालीने काही दिवस माहेरी जायचं, वातावरण निवळेपर्यंत. तिची मुलगी इथेच, शाळा बुडायला नको. गिरणी दीर बघेल. सगळं किती समजुतीचं. काही दिवस म्हणजे किती हे कोणी बोललं नाही. सोमवारी सकाळी ग्रुपवर ती राखाडी ओळ दिसली, तिने ग्रुप सोडल्याची. तिच्या वर कांद्याचा भाव होता आणि खाली कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.

मग मी लिहिलं. तीन ओळी, एकही शब्द न खोडता, पाठवून दिल्या. माइक माझ्या हातात होता, तो चालू ठेवण्याची चूक माझी, आणि ताईंचं पहिलं वाक्य क्लिपमध्ये कापलेलं आहे. फोन समोर ठेवून मी वाट बघत राहिलो. येऊ दे काय येतंय ते, असं मनाशी म्हणत होतो. काही आलं नाही. दोघांनी अंगठा दिला. एकाने विचारलं, "कोणत्या विषयावर?" त्याला कोणी उत्तर दिलं नाही, मग कोणीतरी विजेची डीपी जळाल्याची बातमी टाकली आणि दिवसभर लोक लाइटबद्दल बोलत राहिले. ज्याला मी चार दिवस घाबरलो होतो ते एवढंच होतं. मुलीची मुलाखत झाली, नोकरीही लागली. मला महिन्याभरात दोन दहाव्यांची बोलावणी आली आणि मी गेलो.

तिची भेट झाली ती आणखी दोनेक महिन्यांनी, घोडेगावच्या स्टँडवर. मी संस्थेच्या कामाला पंचायत समितीत गेलो होतो. ती डिंभ्याच्या गाडीची वाट बघत बसली होती. ती गाडी येईल तेव्हा येते. शनिवारी मुलीला भेटू देतात, ती भेटून निघाली होती. हातात पिशवी, पिशवीत मुलीचे उसवलेले दोन फ्रॉक, शिवायला नेत होती. मला बघून तिने बाकावर सरकून जागा केली. मी बसलो. मुलगी बरी आहे का, माहेरी सगळे बरे आहेत का, असं विचारत राहिलो. ती सगळ्याला व्हय म्हणत राहिली.

मग मला राहवेना. मी म्हणालो, "ताई, मी लिहिलं होतं. सोमवारी. तुम्ही ग्रुप सोडल्यावर."

"कळलं मला," ती म्हणाली. "दिरांनी सांगितलं." मग म्हणाली, "त्याच्या आधी बी लिवत व्हता ना तुमी?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"ग्रुप उघडून बसलं की वर दिसतं, भाऊ. तुमचं नाव आन् पुढं टाइप करतायत म्हणून. गुरुवारपास्नं बघत व्हते मी. गिऱ्हाइकाला थांबवून बघत बसायची. लई येळ दिसायचं, मग जायचं. मग परत यायचं." ती हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. गाडी का आली नाही हे सांगावं तसं सांगत होती. "रविवारी बैठकीत बी दिसत व्हतं. मी सगळ्यास्नी फोन दावला. म्हटलं, जरा दम धरा, भाऊ लिवत्यात. धरला त्यांनी. चांगला अर्धा तास धरला."